सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत: चाचणी आणि चार फेऱ्या, कुठे नक्की काय बघतात?

खराडी_बायपास

अनुभव ४ वर्षं, जावा आणि स्प्रिंग बूट, सगळा सर्व्हिस कंपनीतला (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी). एका प्रॉडक्ट कंपनीच्या (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी) रिक्रूटरने पुढचा क्रम कळवला आहे: आधी ९० मिनिटांची ऑनलाइन चाचणी (२ प्रश्न), मग डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम), मशीन कोडिंग (ठरलेल्या वेळात चालणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणं), सिस्टिम डिझाइन आणि शेवटी हायरिंग मॅनेजर. हातात साधारण ६ आठवडे आहेत. शंका अशा:

१. सरावात नमुन्याच्या टेस्ट केस पास होतात, पण लपवलेल्या केसपैकी निम्म्या पडतात. लॉजिक बरोबर असूनही असं का होतं?
२. मशीन कोडिंगमध्ये स्प्रिंग वापरायचं का? डेटाबेस लागतो का?
३. ४ वर्षांच्या माणसाकडून सिस्टिम डिझाइनमध्ये किती अपेक्षा असते?
४. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. तो कधी आणि कसा सांगायचा? ऑफर आली तर आकडे कसे वाचायचे?

"भरपूर प्रॅक्टिस करा" सोडून काहीही सांगा.

---

लॉग_एन

पहिल्या शंकेपुरतं लिहितो. लॉजिक बरोबर असून लपवलेल्या केस पडतात, याची कारणं जावात मोजकीच आहेत आणि बहुतेक सगळी नमुन्यात न दिसणारी आहेत.

पहिलं, प्रश्नाखालच्या मर्यादा. लोक गोष्ट वाचतात आणि मर्यादा सोडून देतात. खरं तर उत्तर कुठल्या जातीचं हवं ते तिथंच लिहिलेलं असतं. सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया एवढा ढोबळ अंदाज धरा. एन (इनपुटमधल्या घटकांची संख्या) २० पर्यंत असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतं, कारण २ चा २० वा घात साडेदहा लाखांच्या आसपास येतो. एन ५०० असेल तर तीन लूप एकात एक चालतील (साडेबारा कोटी, जरा काठावर). ५,००० ला दोन लूप. एन १ लाख दिसला की दोन लूप म्हणजे १,००० कोटी, विषय संपला. तिथं सॉर्टिंग, हीप, बायनरी सर्च, टू पॉइंटर किंवा हॅशमॅप यांपैकीच काहीतरी अपेक्षित आहे. नमुन्यात एन ५ असतो, म्हणून तिथं काहीही पास होतं.

दुसरं, इंटची (जावातल्या नेहमीच्या पूर्णांक प्रकाराची) मर्यादा. २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे इंट उलटून ऋण होतो. १ लाख संख्या, प्रत्येकी १०० कोटीपर्यंत, आणि बेरीज इंटमध्ये, हा रोजचा घोटाळा. त्याहून फसवा प्रकार म्हणजे दोन इंटचा गुणाकार करून तो लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांक प्रकारात) ठेवणं. गुणाकार आधी इंटमध्येच होतो, आणि लाँगमध्ये पोचेपर्यंत आकडा बिघडलेला असतो. एका बाजूला आधीच लाँग करून घ्या. बायनरी सर्चमध्ये दोन टोकांची बेरीज करून निम्मं करण्यातही हाच दोष आहे. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत तो कित्येक वर्षं होता आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्यावर जाहीरपणे लिहिलं. खालच्या टोकात फरकाचा निम्मा भाग मिळवला की प्रश्न मिटतो.

तिसरं, आणि तुमच्या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळणारं: दोन इंटिजर ऑब्जेक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तपासणं. जावा -१२८ ते १२७ मधले इंटिजर आधीच बनवून ठेवतं आणि तेच परत परत देतं. म्हणून मॅपमधून काढलेल्या दोन किमती १०० असल्या तर त्या समान निघतात आणि १,००० असल्या तर निघत नाहीत. नमुन्यात लहान आकडे, लपवलेल्यात मोठे. इक्वल्स वापरा किंवा साध्या इंटमध्ये काढून मग तपासा.

बाकीची भुतावळ: कम्पॅरेटरमध्ये वजाबाकी करणं (तीही मर्यादेबाहेर जाते, इंटिजरचं कम्पेअर वापरा). लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत जाणं, ज्यात दर वेळी आधीची सगळी अक्षरं नव्याने कॉपी होतात. मोठं इनपुट स्कॅनरने वाचणं. आणि १ लाख खोलीच्या साखळीसारख्या ट्रीवर रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), ज्यात स्टॅक फुटतो. पायथनवाल्यांना तर १,००० खोलीलाच मूळ मर्यादा आडवी येते.

सबमिट करण्याआधी हाताने चार केस चालवा: रिकामं इनपुट, एकच घटक, सगळे घटक सारखे, सगळे ऋण. चार मिनिटं जातात.

एक व्यवहारी गोष्ट. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर गुण पास झालेल्या केसनुसार मिळतात. म्हणून दुसरा प्रश्न सुटत नसेल तर साधं संथ उत्तर तरी टाकून ठेवा. आणि टॅब बदलणं, बाहेरून पेस्ट करणं याची नोंद होते हे गृहीत धरा. कोड नोटपॅडमध्ये लिहून चिकटवायची सवय असेल तर आत्ताच मोडा. उत्तर तुमचंच असलं तरी नोंद तशीच पडते.

---

फेरी_क्रमांक_दोन

वरच्याशी सहमत. फक्त ऑनलाइन चाचणी आणि समोरासमोरची डीएसए फेरी यांची तयारी एकच समजू नका. चाचणी मशीन तपासतं. फेरीत समोरचा माणूस टिपणं काढत असतो, आणि निर्णय बहुतेक वेळा त्या टिपणांवरून होतो. गूगलसारख्या ठिकाणी तर हायरिंग कमिटी नावाचा वेगळा गट कागद वाचून ठरवतो आणि त्यातल्या कोणीही तुम्हाला पाहिलेलं नसतं. म्हणजे डोक्यात जे बरोबर होतं पण तोंडातून आलं नाही, ते त्या कागदावर नाही.

४५ मिनिटांचा हिशोब साधारण असा बसतो. ओळख ३-४ मिनिटं. प्रश्न समजून घ्यायला ५. पद्धत सांगायला ७-८. कोड १८-२०. ड्राय रन (कोड हाताने चालवून बघणं) ५. उरलेली तुमच्या प्रश्नांना. गाडं अडकतं ते दुसऱ्या टप्प्यावर, कारण बहुतेक जण तो टप्पाच गाळतात. प्रश्न मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. "अॅरे सॉर्टेड आहे का, डुप्लिकेट चालतील का, उत्तर नसेल तर काय परत करायचं, एन किती मोठा" हे चार प्रश्न विचारले नाहीत तर "न विचारता गृहीत धरलं" अशी नोंद होते आणि पुढे ती धुतली जात नाही.

पद्धत सांगताना आधी साधी, मग सुधारलेली. दोन्हीचा वेळ आणि जागा किती ते कोड लिहायच्या *आधी* सांगा आणि "हे लिहू का?" असं विचारा. समोरच्याला दुसरंच काही हवं असेल तर तो तिथंच सांगेल. नाहीतर २० मिनिटं चुकीच्या दिशेने जातात.

ड्राय रन म्हणजे कोड परत वाचून दाखवणं नव्हे. ३-४ घटकांचं इनपुट घ्या, प्रत्येक व्हेरिएबलची किंमत बाजूला लिहा आणि ओळ ओळ चालवा. एकाने चुकलेला इंडेक्स इथंच सापडतो. स्वतः शोधलेली चूक तुमच्या बाजूने मोजली जाते, समोरच्याने दाखवलेली विरुद्ध बाजूने. चूक तीच असते.

हिंट मिळाली तर ती घ्या. "नाही, माझं ऐका" म्हणत आपलाच हट्ट रेटणं हे प्रश्न न सुटण्यापेक्षा वाईट दिसतं.

अनेक ठिकाणी कोड चालवता येत नाही, नुसता एडिटर असतो आणि ऑटोकम्प्लीट नसतं. आयडीईवर (कोड आपणहून सुचवणाऱ्या एडिटरवर) वाढलेल्या जावावाल्यांचं इथं अडतं: डेकची मेथड कुठली, प्रायॉरिटी क्यूला उलटा क्रम कसा द्यायचा, मॅपवर फिरायचं कसं. शेवटचे दोन आठवडे सगळा सराव साध्या एडिटरमध्ये करा.

एआयबद्दल: काही कंपन्या आता एखाद्या फेरीत एआय वापरू देतात, काहींत वापरलं तर थेट बाद. अंदाज बांधू नका, रिक्रूटरला लेखी विचारा. चोरून वापरणं आता तसंही अवघड होत चाललंय. २०२५ मध्ये सुंदर पिचाई यांनी गूगलमध्ये निदान एक फेरी प्रत्यक्ष समोर बसवून घेणार असल्याचं सांगितलं आणि तीच वाट इतरही धरताहेत.

---

मेन_मेथड

मशीन कोडिंगवर सविस्तर, कारण सर्व्हिस कंपनीतून येणाऱ्यांची खरी गळती इथं होते. फ्लिपकार्टसारख्या भारतीय प्रॉडक्ट कंपन्यांत ही फेरी रुळलेली आहे. ९० मिनिटं ते २ तास, एक पानी मागणी, चालणारा कोड आणि नंतर त्यावर चर्चा.

स्प्रिंग: नको. डेटाबेस: नको. सगळं मेमरीत, मॅपमध्ये. मेन मेथडमधून ५-६ प्रसंग चालवून दाखवायचे. स्प्रिंगचा प्रोजेक्ट उभा करण्यात आणि पोर्ट अडकलाय म्हणून शोधण्यात १५ मिनिटं जातात आणि त्याचा एकही गुण नसतो. मागणीत स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद.

उदाहरण म्हणून नेहमीचा प्रश्न घेऊ: मित्रांमध्ये खर्च वाटून घ्यायचं अॅप. समान वाटणी, ठरावीक रक्कम, टक्केवारी असे तीन प्रकार, आणि कोण कुणाला किती देणं लागतो ते दाखवायचं.

पहिली १० मिनिटं वाचन आणि शंका. पुढची १० कागदावर: यूजर, खर्च, वाटणीचा प्रकार, हिशोब ठेवणारी सर्व्हिस. टाइप करायला लागायचं ते त्यानंतर. ७० व्या मिनिटाला मूळ प्रसंग *चालत* असलाच पाहिजे. उरलेल्या वेळात चुकीच्या इनपुटची तपासणी आणि नावं नीट करणं. सगळे क्लास सुबक, इंटरफेस देखणे, आणि ९० व्या मिनिटाला कम्पाइल होत नाही, असा कोड कोणी पुढे वाचत नाही.

आता या प्रश्नातले सापळे.

पैसे डबलमध्ये ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज डबलमध्ये नेमकी ०.३ येत नाही. पैशांत मोजा आणि लाँग वापरा. १०० रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी ३३.३३ आणि १ पैसा उरतो. तो कुणाला लावायचा हे तुम्ही ठरवा (पहिल्याला ३३.३४), पण ठरवा आणि बोलून दाखवा. हा उरलेला पैसा विचारणार म्हणजे विचारणारच.

टक्केवारीची बेरीज १०० होते का, ठरावीक रकमांची बेरीज एकूण खर्चाइतकी होते का, हे खर्च नोंदवण्याआधी तपासा. अर्धी नोंद करून मग एक्सेप्शन फेकलं तर हिशोब कायमचा बिघडलेला राहतो.

वाटणीचे तीन प्रकार एकाच मेथडमध्ये इफ-एल्सने लिहू नका. प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास, सगळ्यांचा इंटरफेस एक. कारण तासाभराने "आता हिश्श्यांनुसार वाटणी जोडा, २:१:१" अशी नवीन मागणी येते. त्या वेळी किती फायलींना हात लावावा लागतो हेच ते मोजत असतात.

अ हा ब ला ५०० देणं, ब हा अ ला २०० देणं, तर दाखवायचं अ हा ब ला ३००. दोन्ही दिशा वेगवेगळ्या साठवल्या की हे विसरतं.

"व्यवहार कमीत कमी करा" अशी पुरवणी आली तर प्रत्येकाची निव्वळ येणी-देणी काढा, देणेकऱ्यांचा एक हीप आणि येणेकऱ्यांचा दुसरा, दोन्हींतला सगळ्यात मोठा उचलून भिडवत जा. एन जणांत जास्तीत जास्त एन वजा १ व्यवहारांत मिटतं. पण हेच किमान असेल असं छातीठोक सांगू नका. खरं किमान काढणं एनपी-हार्ड आहे (झटपट सोडवायची पद्धत माहीत नाही अशा प्रश्नांपैकी). "ही ग्रीडी पद्धत व्यवहाराला पुरेशी आहे, किमानाची हमी देत नाही" एवढं एक वाक्य पुरे.

सीट बुकिंग किंवा पार्किंगसारखा प्रश्न आला तर "दोघांनी एकाच वेळी तीच सीट घेतली तर?" हे ठरलेलं. कॉन्करंट हॅशमॅप लावला म्हणजे झालं असं समजणारे बरेच असतात. आधी "रिकामी आहे का" बघून मग "भर" असं दोन पायऱ्यांत केलं तर मधल्या फटीत दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारं दुसरं काम) घुसतो, मॅप कुठलाही असो. पुट-इफ-अॅबसेंटसारखी एकाच पायरीत होणारी क्रिया वापरा आणि तिने काय परत केलं ते तपासा.

---

खराडी_बायपास

खूप उपयोगी. एक शंका: युनिट टेस्ट लिहायच्या का? आणि डिझाइन पॅटर्नची नावं सांगितलेली बरी की नको?

---

मेन_मेथड

टेस्ट वेळ उरला तर दोन-तीन, आणि त्याही वाटणीच्या गणितावर. तेवढ्याने पुरेसा फरक पडतो.

पॅटर्नचं नाव विचारल्यावर सांगा. ९० मिनिटांच्या कोडमध्ये फॅक्टरीची फॅक्टरी आणि सिंगलटन दिसला की समोरचा "हे का?" विचारतो, आणि "चांगली सवय असते" हे त्याचं उत्तर होत नाही.

---

तत्काळ_कोटा

सिस्टिम डिझाइन. ४ वर्षांच्या माणसाकडून अख्खं यूट्यूब उभं करण्याची अपेक्षा नसते. एक मध्यम आकाराची गोष्ट आकड्यांसकट नीट मांडता येते का, आणि ती कुठे मोडेल ते दिसतं का, एवढंच बघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिसऱ्या मिनिटाला काफ्का, रेडिस, मायक्रोसर्व्हिस यांचे चौकोन काढायला लागणं. आधी आकडे.

लहान लिंक बनवणारी सेवा घ्या. दिवसाला १ कोटी नवीन लिंक. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ११६. वाचन लिहिण्याच्या १०० पट धरलं तर सेकंदाला साधारण ११,६००. एका लिंकची नोंद ५०० बाइट धरली तर दिवसाला ५ जीबी, वर्षाला १.८ टीबी. आता या आकड्यांवरून बोला: ११६ लिहिणं ही एका डेटाबेसला किरकोळ गोष्ट आहे, वाचनाला कॅश (वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवणं) लागेल, साठवण पाच वर्षांत ९ टीबीच्या घरात जाईल. लगेच शार्डिंगचा (डेटा अनेक डेटाबेसांत वाटण्याचा) विषय काढायची गरज आहे की नाही हे आकडा सांगतो.

कोडची लांबी: इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. ६ जागांत सुमारे ५,६८० कोटी लिंक मावतात, ७ जागांत साडेतीन लाख कोटी. दिवसाला १ कोटीने ६ जागा १५ वर्षं पुरतात. म्हणजे ७ जागा का, हे "सगळे तसंच सांगतात" सोडून काहीतरी कारण देऊन सांगता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, कोड यादृच्छिक काढणार असाल तर जागा जितकी विरळ तितक्या टकरी (दोन लिंकना एकच कोड येणं) कमी.

रीडायरेक्टसाठी (लहान लिंकवरून मूळ पत्त्यावर पाठवण्यासाठी) सर्व्हरने कुठला उत्तर-क्रमांक द्यायचा, ३०१ की ३०२? ३०१ कायमचा, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरकडे येतच नाही. भार कमी होतो, पण क्लिक मोजता येत नाहीत. क्लिकचा हिशोब हवा असेल तर ३०२. हा एवढासा मुद्दा १० चौकोनांपेक्षा जास्त वजन टाकतो, कारण त्यात एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

सरासरीवर थांबू नका. तत्काळ तिकिटांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: एसीची खिडकी १० वाजता, नॉन-एसीची ११ वाजता. दिवसाची सरासरी तिथं निरुपयोगी. सगळं ओझं त्या पहिल्या दोन-चार मिनिटांत. साध्या सेवेला सरासरीच्या ३ ते ५ पट धरतात, अशा ठिकाणी रांग लावावीच लागते.

बॅकएंडवाल्यांना पेमेंटचा प्रश्न हमखास येतो: पैसे कापले गेले, उत्तर येण्याआधी नेटवर्क तुटलं, अॅपने परत विनंती पाठवली. उपाय म्हणजे इडेम्पोटन्सी की. क्लायंट प्रत्येक *हेतूला* एक क्रमांक देतो, प्रत्येक प्रयत्नाला नव्हे. सर्व्हरवर त्या क्रमांकाला डेटाबेसमध्ये युनिक बंधन. दुसऱ्यांदा तोच आला तर साठवलेलं उत्तर परत. इथं लोक चुकतात ते दोन जागी: पुन्हा प्रयत्न करताना नवीन क्रमांक बनवणं, आणि "आहे का बघा, नसेल तर घाला" हे दोन पायऱ्यांत करणं. दुसरी चूक वर सीटच्या बाबतीत आलेलीच आहे.

तुमच्या सध्याच्या कामातली एक सिस्टिम अशी मांडता येईल इतकी ओळखून ठेवा: सेकंदाला किती विनंत्या, डेटाबेसचा आकार, सगळ्यात संथ क्वेरी कुठली आणि का. सर्व्हिस कंपनीत हे आकडे कोणी आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागतात. सहा आठवडे आहेत, आजच मागा.

---

दोन_नंबरी_चहा

हायरिंग मॅनेजरच्या फेरीला "गप्पा" समजून जाऊ नका. बाद होण्याचं प्रमाण इथं बऱ्यापैकी असतं.

मराठी माणसाची इथली अडचण व्याकरणाची आहे: "आम्ही". आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही लेटन्सी कमी केली. हा विनय घरी ठीक आहे. इथं समोरचा "त्यात तुम्ही काय केलंत?" असं तीनदा विचारतो आणि मग लिहितो: स्वतःचा सहभाग सांगू शकले नाहीत. टीमचं श्रेय एका वाक्यात द्या, बाकी सगळं "मी".

६ ते ८ प्रसंग लिहून तयार ठेवा: अंतिम मुदत हुकली, वरिष्ठाशी मतभेद झाला, प्रॉडक्शन पडलं, अर्धवट मागणीवर निर्णय घेतला, कुणाला तरी शिकवलं, न सांगता काहीतरी सुधारलं. प्रत्येकाचे चार भाग: परिस्थिती, तुमचं काम, काय केलं, निकाल. पहिल्या दोनाला मिळून ३०-४० सेकंद, तिसऱ्याला दीड मिनिट, निकाल आकड्यात. "बरंच फास्ट झालं" हा आकडा नव्हे. "रात्रीचा जॉब ४ तासांवरून ३५ मिनिटांवर आला, कारण एकेका ओळीऐवजी ५०० च्या गठ्ठ्याने इन्सर्ट केलं" असं उत्तर हवं.

अॅमेझॉनला जाणार असाल तर त्यांची लीडरशिप प्रिन्सिपल्स नावानिशी वाचा. २०२१ पर्यंत १४ होती, त्या वर्षी दोन वाढून १६ झाली. तिथं प्रत्येक फेरीत, कोडिंगच्यासुद्धा, ती विचारली जातात. शिवाय बार रेझर म्हणून दुसऱ्या टीममधला एक जण असतो. त्याला जागा भरायची घाई नसते, म्हणूनच त्याला बसवलेलं असतं. एकच प्रसंग सगळ्या फेऱ्यांत सांगू नका, नंतर सगळे एकत्र बसून टिपणं ताडून बघतात.

"का सोडताय?" याचं उत्तर पुढच्या कामाबद्दल द्या. मॅनेजर, राजकारण, हिंजवडीचा ट्रॅफिक यांतलं काहीही नको, खरं असलं तरी. क्लायंटचं नाव करारामुळे सांगता येत नसेल तर "युरोपातली एक बँक" एवढं म्हणा. तेही नीट नोंदवलं जातं.

---

इनहॅन्ड_किती

शेवटची शंका. नोटीस पिरियड रिक्रूटरच्या पहिल्याच फोनवर सांगा. शेवटी सांगितला तर जागा दुसऱ्याला जाऊ शकते. सांगण्याआधी आपलं नेमणूक पत्र काढून दोन गोष्टी वाचा: पैसे भरून लवकर सुटण्याची तरतूद आहे का, आणि असली तर ती कर्मचाऱ्याच्या इच्छेवर आहे की कंपनीच्या मर्जीवर. रक्कम बेसिकवर मोजणार की एकूण पगारावर, यात निम्म्याचा फरक पडतो. शिल्लक रजा नोटिशीत वळती होतात हे गृहीत धरू नका, अनेक ठिकाणी होत नाहीत. नवीन कंपनीने ती रक्कम भरून दिली तर ती तुमच्या पगारात धरून तिच्यावर कर लागतो, म्हणून "भरपाई" हा शब्द ऐकून खूश होण्याआधी हातात किती पडणार ते विचारा.

आता ऑफरचे आकडे. समजा ३० लाखांचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), त्यात बेसिक महिना १ लाख, व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) ३ लाख. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ५७,७२०. हे तिन्ही काढले की उरतात २४,९८,२८०, म्हणजे महिना सुमारे २,०८,१९०. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १२,०००, महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), आणि मग आयकर. तीस लाख भागिले बारा हा आकडा तुमच्या खात्यात कधीच दिसणार नाही.

व्हेरिएबलबद्दल एकच प्रश्न: गेल्या दोन वर्षांत किती टक्के दिला?

शेअर मिळणार असतील तर एकूण रकमेपेक्षा वेळापत्रक बघा. अॅमेझॉनचं गाजलेलं वेळापत्रक ५, १५, ४०, ४० टक्के असं आहे. ४० लाखांचे शेअर म्हणजे पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी ६ लाखांचे. दोन वर्षांनी सोडलं तर ३२ लाख तिथंच राहिले. (ही खोट पहिल्या दोन वर्षांत रोख देऊन भरतात, ती रोख वेगळी मोजा.) शेअर हाती पडतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा कर लागतो, विकले नाहीत तरी. अमेरिकेत नोंदलेले शेअर असतील तर आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. ते दरवर्षी, नुसते ठेवून दिले असले तरी.

जॉइनिंग बोनसची परतफेडीची अट नीट वाचा. ५ लाखांवर ३१.२ टक्के कर गेला की हातात ३,४४,०००. वर्षाच्या आत सोडलंत तर अनेक करारांत पूर्ण ५ लाख परत मागतात. अट करोत्तर रकमेची करून मागता येते, पण सही करण्याआधी.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर दोघंही तुम्हाला करमुक्त टप्पा आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगवेगळी देतात, दर महिन्याला कर कमी कापला जातो, आणि विवरण भरताना सगळा फरक व्याजासकट समोर येतो.

आणि पार्श्वभूमी तपासणी: यूएएनवरचा (पीएफच्या कायम क्रमांकावरचा) नोकऱ्यांचा इतिहास एकदा स्वतः उघडून बघा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसली किंवा चुकीची असली तर दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच. लेखी ऑफर हातात पडून तपासणी संपेपर्यंत राजीनामा देऊ नका. ९० दिवस वाचवायच्या नादात लोक तोंडी शब्दावर राजीनामा टाकतात.

लॅपटॉपसाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क असं काहीही मागितलं तर ती कंपनी नाही, भामटा आहे. मेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा.

---

लॉग_एन

थोडं राहिलं होतं. फेऱ्यांच्या तारखा तुम्ही सुचवू शकता, रिक्रूटर बहुधा मान्य करतो. चारही फेऱ्या एका दिवसात घेऊ नका. दोन-दोन अशा वाटून घ्या, मध्ये निदान एक दिवस. पहिल्या दोनांत काय कच्चं निघालं ते भरून काढता येतं. आणि पुण्यात घरून देणार असाल तर गुरुवार टाळा. महावितरणची देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात. इन्व्हर्टरवर राउटर आहे का ते बघून घ्या. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर पंख्या-दिव्याला असतो आणि राउटर मात्र टीव्हीच्या मागच्या प्लगला, जो लाइट गेल्याबरोबर मेलेला असतो.

---

खराडी_बायपास

राउटर टीव्हीमागेच आहे. हलवतो. आणि दुसरी फेरी गुरुवारीच ठेवली होती, आताच मेल टाकला.